पडदा का थरथरला?

(यंत्र बिघडले की आपण आधी माणसाला दोष देतो आणि मग यंत्राकडे पाहतो. खरे तर आधी नीट पाहावे, मग तपासावे आणि शेवटी बोलावे. एका शाळेतल्या संगणकाची ही हकिगत वाचा. लुकलुकणाऱ्या पडद्याचा दोष कसा शोधावा, तेही या पाठात समजेल.)

मुलांनो, घरातला टीव्ही किंवा शाळेतला संगणक अचानक लुकलुकू लागला, तर तुम्ही काय करता? खरे सांगा हं! बहुतेक जण त्याला एक चापट मारतात. चापट मारल्यावर पडदा क्षणभर नीट झाला, तर आपल्याला वाटते, दुरुस्ती झाली. पण थोड्या वेळाने पडदा पुन्हा लुकलुकू लागतो. कारण दोष काय आहे, हे आपल्याला कळलेलेच नसते.

दोष कसा शोधायचा, हे मी लहानपणी शिकलो. ती गोष्ट आधी सांगतो.

पुण्याहून मुंबईकडे जाताना पिंपरी-चिंचवड लागते. एकेकाळी ही पवना नदीकाठची लहान गावे होती. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषध कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि या भागात एकामागून एक कारखाने उभे राहिले. मोटारी, स्कूटर, रिक्षा आणि त्यांना लागणारे हजारो सुटे भाग येथे तयार होऊ लागले. १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. पुढे नाशिक रस्त्यावरचे चाकणही कारखान्यांनी गजबजले. देशाच्या अनेक भागांतून माणसे पोटासाठी येथे आली. त्यांची मुले येथे मराठी, हिंदी, उर्दू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळांत शिकू लागली.

आमची शाळा भोसरीच्या औद्योगिक वसाहतीला लागून होती. शाळेच्या भिंतीपलीकडे लहान लहान वर्कशॉप होते. वर्गात बसल्यावर दिवसभर ठोकाठोकीचा आवाज कानावर येई. आम्हाला त्या आवाजाची सवय झाली होती.

२००३ साली मी सातवीत होतो. त्या वर्षी शाळेत पहिला संगणक आला. एका कारखान्याने आपले जुने संगणक बदलले आणि त्यांतला एक आमच्या शाळेला दिला. केवढा आनंद झाला आम्हाला! मॉनिटर तर पेटीएवढा मोठा आणि जड होता. शिपाई चाचांनी आणि दोन मोठ्या मुलांनी तो उचलून कोपऱ्यातल्या खोलीत आणला. भिंतीलगत टेबल ठेवले आणि त्यावर संगणक मांडला. प्रत्येकाला आठवड्यातून दहा मिनिटे मिळत. त्या दहा मिनिटांची आम्ही आठवडाभर वाट पाहत असू.

एका शुक्रवारी माझा एक मित्र संगणकावर बसला होता. अचानक पडद्यावरची अक्षरे थरथरू लागली. पाण्यात पडलेले प्रतिबिंब जसे हलते, तशी ती हलत होती. मित्र घाबरून उठला. मागून कोणीतरी ओरडले, "याने बिघडवला! याने बिघडवला!"

झाले! बघता बघता ही बातमी शाळाभर पसरली. "ज्याने बिघडवला त्याने भरून द्यावे," असेही कोणी म्हणाले. मित्राचे अब्बा एका कारखान्यात रोजंदारीवर होते. एवढे पैसे ते कोठून आणणार? मित्र घरी काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र तो शाळेत येईनासा झाला.

शाळेने दुरुस्तीवाल्याला बोलावले. तो गुरुवारी आला. त्याने संगणक सुरू केला. पडदा अगदी स्थिर होता! त्याने अर्धा तास वाट पाहिली, तारा हलवून पाहिल्या आणि म्हणाला, "यात काही बिघाड नाही. मुलांनीच काहीतरी दाबले असेल." तो पैसे घेऊन निघून गेला. शुक्रवारी सकाळी आम्ही संगणक सुरू केला, तर पडदा पुन्हा थरथरत होता.

आता तर सर्वांची खात्रीच पटली. पण आमच्या विज्ञानाच्या सरांची खात्री पटली नव्हती. ते मित्राच्या घरी गेले आणि त्याला हात धरून शाळेत घेऊन आले. म्हणाले, "बेटा, दोष तुझा आहे की नाही, हे मला माहीत नाही. इतरांनाही माहीत नाही. आपण शोधून काढू. एक वही घे. जे दिसेल ते लिही, जे वाटेल ते लिहू नकोस."

"जी सर," मित्र म्हणाला.

सरांनी आम्हाला एक नियम सांगितला. तो मी आजही विसरलो नाही. नियम असा : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष गेला, तर तो कशामुळे गेला ते कसे कळणार?

पडदा थरथरत असतानाच तपासणी सुरू झाली. सरांनी आधी संगणक बंद केला. मॉनिटरची तार नीट बसवली आणि तिचे दोन्ही स्क्रू घट्ट केले. संगणक पुन्हा सुरू केला. थरथर होतीच. म्हणजे तार सैल नव्हती.

मग त्यांनी ओळखीच्या ठिकाणाहून दुसरा मॉनिटर मागून आणला. त्याची तारही वेगळी होती. आमचा मॉनिटर उचलून त्याच जागी तो ठेवला. नवलच! तोही थरथरू लागला. म्हणजे आमचा मॉनिटर निर्दोष होता आणि त्याची तारही निर्दोष होती.

आता आमचाच मॉनिटर पुन्हा जोडला. मग सगळा संगणक उचलून आम्ही मुख्याध्यापकांच्या खोलीत नेला. तेथे पडदा स्थिर! लगेच परत आणला, तर पुन्हा थरथर. म्हणजे मधल्या वेळात दोष आपोआप गेला होता, असेही नव्हते. संगणकाची पेटीही निर्दोष ठरली.

"मग कोपऱ्यातल्या खोलीतली वीज खराब असेल," मी म्हणालो.

"छान! तपासून पाहू," सर म्हणाले. त्यांनी लांब वायरचा बोर्ड आणला आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतली वीज कोपऱ्यातल्या खोलीपर्यंत आणली. तरीही पडदा थरथरतच होता. म्हणजे विजेचाही दोष नव्हता.

मॉनिटर निर्दोष, तार निर्दोष, पेटी निर्दोष, वीज निर्दोष! मग उरले काय? उरली फक्त जागा.

आता मित्राच्या वहीचा उपयोग झाला. त्याने आठ दिवस रोज वार, वेळ आणि थरथर आहे की नाही, एवढेच लिहिले होते. सरांनी वही सर्वांसमोर उघडली. शनिवार, थरथर. सोमवार, थरथर. मंगळवार, बुधवार, थरथर. गुरुवार, दिवसभर स्थिर. शुक्रवार, थरथर. दुपारी एक ते दीड, स्थिर.

"गुरुवारी काय असते रे?" सरांनी विचारले.

वर्ग क्षणभर गप्प झाला. मग मित्रच हळूच म्हणाला, "सर, गुरुवारी अब्बा घरी असतात. कारखान्यांना सुट्टी असते."

"आणि एक ते दीड?"

"जेवणाची सुट्टी!" आम्ही सगळे एकदम ओरडलो.

आता सर्वांच्या नजरा भिंतीकडे वळल्या. भिंतीपलीकडच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचे काम चाले. सर मला घेऊन तेथे गेले. वर्कशॉपचे मालक वयस्क गृहस्थ होते.

"काका, आत येऊ का?"

"या की गुरुजी! काय काम काढलंत?"

"तुमचं वेल्डिंग सुरू झालं की आमचा संगणक थंडीनं कुडकुडतो, अशी शंका आहे. जरा तपासू द्याल का?"

काका हसले. वेल्डिंगचे जड यंत्र आमच्या भिंतीला अगदी टेकून ठेवले होते. मित्र पडद्यासमोर उभा राहिला. खिडकीतून हात दाखवून त्याने आम्हाला खुणा करायच्या, असे ठरले. काकांनी वेल्डिंग सुरू केले. मित्राचा हात वर गेला. वेल्डिंग थांबवले. हात खाली आला. असे पाच वेळा केले. पाचही वेळा तसेच घडले.

दोष सापडला! सरांनी टेबल समोरच्या भिंतीजवळ हलवले. काकांनीही आपले यंत्र भिंतीपासून दूर ओढून घेतले. त्यानंतर तो पडदा पुन्हा कधी थरथरला नाही. दुरुस्तीला एक पैसाही लागला नाही.

मुलांनो, पण भिंतीपलीकडचे यंत्र पडद्यापर्यंत पोहोचले कसे? ते समजून घेऊ.

त्या काळच्या मॉनिटरमध्ये काचेची मोठी नळी असे. नळीच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनांचा झोत निघे आणि पडद्यावर आदळे. जेथे आदळे, तेथे प्रकाशाचा ठिपका उमटे. नळीच्या मानेभोवती तारांची वेटोळी असत. त्यांच्या चुंबकशक्तीने हा झोत डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली फिरे. अशा रीतीने एका सेकंदात साधारण साठ वेळा पूर्ण चित्र रेखाटले जाई. आपल्या डोळ्यांना ते एकच स्थिर चित्र वाटे.

वेल्डिंगच्या यंत्रात ट्रान्सफॉर्मर असतो. त्यातून मोठा विद्युतप्रवाह वाहतो, तेव्हा त्याच्या भोवतीही चुंबकशक्ती निर्माण होते. विटांची भिंत तिला अडवू शकत नाही. ही शक्ती पडद्यामागच्या झोताला थोडीशी ढकले आणि चित्र हले. आपल्या देशात वीज एका सेकंदात ५० वेळा आवर्तन पूर्ण करते. आमचा पडदा ६० वेळा चित्र काढत होता. ६० मधून ५० वजा करा. उरले १०. म्हणून अक्षरे सेकंदाला दहा वेळा डुलत होती. अंतर वाढवले की ही शक्ती झपाट्याने कमी होते. म्हणून टेबल हलवताच पडदा स्थिर झाला.

आता काचेच्या नळीचे मॉनिटर मागे पडले आहेत. आजचे पडदे पातळ असतात. त्यांत इलेक्ट्रॉनांचा झोत नसतो, म्हणून ते असे डुलत नाहीत. पण तेही लुकलुकतात. तुमच्या शाळेतला किंवा घरातला पडदा लुकलुकू लागला, तर पुढील क्रमाने तपासा. मोठी माणसे जवळ असू द्या.

१. आधी नुसते पाहा. पूर्ण पडदा लुकलुकतो की एक भाग? नेहमी की एखाद्या ठरावीक वेळी? लुकलुकताना खोलीतला दिवाही मंद होतो का? दिवा मंद होत असेल, तर दोष पडद्याचा नसून विजेचा असू शकतो. इलेक्ट्रिशियनला सांगा.

२. संगणक आणि मॉनिटर बंद करा. विजेची आणि चित्राची, दोन्ही तारा काढून पुन्हा घट्ट बसवा. पुष्कळ वेळा दोष येथेच असतो.

३. मॉनिटरवरची बटणे दाबून त्याची स्वतःची यादी पडद्यावर आणा. ही यादी मॉनिटर स्वतः तयार करतो, संगणक नव्हे. यादीसुद्धा लुकलुकत असेल, तर संशय मॉनिटरवर किंवा त्याच्या वीजपुरवठ्यावर. यादी स्थिर आणि मागचे चित्र लुकलुकते, तर संशय तारेवर किंवा संगणकावर.

४. चित्राची तार बदलून पाहा. मग दुसरा मॉनिटर लावून पाहा. एका वेळी एकच बदल!

५. संगणकात विंडोज असेल, तर 'कंट्रोल', 'शिफ्ट' आणि 'एस्केप' ही तीन बटणे एकदम दाबा. 'टास्क मॅनेजर' उघडेल. तोही लुकलुकत असेल, तर पडदा चालवणाऱ्या प्रणालीत, म्हणजे 'डिस्प्ले ड्रायव्हर'मध्ये दोष असण्याचा संभव आहे. तो एकटाच स्थिर असेल, तर एखादा प्रोग्रॅम गडबड करीत आहे. अलीकडे कोणता नवा प्रोग्रॅम घातला, ते आठवा.

६. पडद्याचा उजेड कमी केल्यावरच लुकलुक जाणवत असेल, तर उजेड थोडा वाढवून पाहा. काही पडदे उजेड कमी करण्यासाठी आपला दिवा फार वेगाने चालू-बंद करतात. काही माणसांच्या डोळ्यांना त्याचा त्रास होतो.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. मॉनिटर उघडू नका! वीज बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार साठून राहतो. जुन्या काचेच्या नळीत तर वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब असे. नळीच्या काचेत शिसेही असते. म्हणून जुना मॉनिटर फोडू नका. तो ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा.

तुम्ही म्हणाल, "एवढ्याशा लुकलुकीसाठी एवढा खटाटोप कशाला?" मुलांनो, लुकलुक नेहमीच क्षुल्लक नसते. १९९७ सालच्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये टीव्हीवर मुलांचे एक कार्टून चालू होते. त्यात लाल आणि निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा लखलखला. तो पाहून सहाशेहून अधिक लोकांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णालयात न्यावे लागले.

दुसरे उदाहरण कारखान्यातले आहे. साध्या चोकवर चालणारी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. समजा, लेथ मशीनचा चार जबड्यांचा चक मिनिटाला १५०० फेरे घेत आहे. म्हणजे सेकंदाला २५ फेरे. प्रकाशाच्या दोन लखलखाटांच्या मध्ये तो बरोबर पाव फेरा फिरतो. चारही जबडे सारखेच! त्यामुळे फिरणारा चक थांबल्यासारखा दिसू शकतो. अशा वेळी कामगाराने त्याला हात लावला तर? म्हणून जाणते इलेक्ट्रिशियन शेजारशेजारच्या ट्यूब विजेच्या वेगवेगळ्या फेजवर जोडतात. एक मंद होते, तेव्हा दुसरी तेज असते. तुमच्यापैकी कोणाचे अब्बा, भाई किंवा मामू लेथवर काम करीत असतील, तर त्यांना ही गोष्ट जरूर विचारा.

जपानच्या टोयोटा कारखान्यात तैइची ओनो नावाचे अभियंते होते. यंत्र बंद पडले की "कोणी बंद पाडले?" असे ते विचारत नसत. "का बंद पडले?" असे विचारत, आणि उत्तर मिळाले की पुन्हा "का?" असे पाच वेळा. आज पिंपरी आणि चाकणच्या कारखान्यांतही ही पद्धत शिकवली जाते. आमच्या सरांनी टोयोटाचा कारखाना पाहिलेला नव्हता. पण त्यांनीही "कोणी?" हा प्रश्न बाजूला ठेवला आणि "का?" हा प्रश्न धरला.

आणि माझा मित्र? तो शाळा सोडून गेला असता, तर आमच्यापैकी कोणालाही खरे कधीच कळले नसते. तो शिकला. आयटीआय झाला. आज तो चाकणच्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करतो. गेल्या ईदला तो घरी आला होता. बोलता बोलता म्हणाला, "आमच्याकडे मशीन बंद पडली की सगळे आधी ऑपरेटरकडे बघतात. मी खिशातून वही काढतो."

शब्दार्थ

थरथरणे – कापणे, सारखे हलणे
रोजंदारी – दिवसाच्या हिशेबाने मिळणारी मजुरी
निर्दोष – ज्यात दोष नाही असा
वेटोळी – गोल गुंडाळलेले पदर
आवर्तन – पुन्हा पुन्हा होणारी फेरी
खटाटोप – धडपड, मेहनत
क्षुल्लक – अगदी लहान, महत्त्व नसलेले
देखभाल – निगा, काळजी

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मित्र शाळेत का येईनासा झाला?
(आ) दुरुस्तीवाल्याला पडद्यात दोष का दिसला नाही?
(इ) सरांनी मुलांना कोणता नियम सांगितला?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) दुसरा मॉनिटरही थरथरला, तेव्हा पहिला मॉनिटर निर्दोष ठरला.
(आ) टेबल हलवताच पडदा स्थिर झाला.
(इ) शेजारच्या ट्यूबलाइट वेगवेगळ्या फेजवर जोडतात.

प्र. ३. गणित करा.
लेथचा चक मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर ट्यूबलाइटच्या दोन लखलखाटांच्या मध्ये तो किती फिरेल? तेव्हा तो थांबल्यासारखा दिसेल का?

प्र. ४. भाषेची गंमत.
दुरुस्ती, कारखाना, आवाज, नजर, खराब हे शब्द मराठीत आहेत आणि उर्दूतही आहेत. 'तक्रार' हा शब्दही दोन्ही भाषांत आहे. पण त्याचा अर्थ दोन्हीकडे एकच आहे का? शिक्षकांना विचारा आणि दोन वाक्ये लिहा, एक मराठीत आणि एक उर्दूत.

प्र. ५. वाक्यांत उपयोग करा.
खात्री पटणे, वाट पाहणे, दोष देणे, सवय होणे

उपक्रम : घरातला नळ, पंखा किंवा दिवा नीट चालत नसेल, तर आठ दिवस वहीत वार, वेळ आणि काय दिसले ते लिहा. काय वाटले ते लिहू नका. नवव्या दिवशी वही वर्गात वाचून दाखवा.